दुपारी घराबाहेर जरा पाठ टेकायची तर कुठं?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, कामासाठी नायतर दवाखान्यासाठी दिवसभर घराबाहेर असताना दुपारी झोप अनावर झाली तर तुम्ही काय करता. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर ढीगच पडला, आणि वाचताना लक्षात आलं की हा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा फार मोठा आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, सगळीकडनं लोकांनी लिहिलंय. ज्यांचा प्रश्न अनेकांचा आहे असे थोडे निवडलेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जांबोटी भागातले. सासूबाईंना घेऊन दर महिन्याला बेळगावला दवाखान्यात यावं लागतंय. पहाटे उठून बस धरायची, मग केसपेपर, डॉक्टर, रक्त तपासणी हे सगळं साडेबारापर्यंत होतंय आणि रिपोर्ट मिळतो चारला. तोवर कुठं जायचं? सासूबाई बसून बसून दमतात, जरा आडवं व्हायला मिळालं तर बरं म्हणतात. बेळगावात आमचं कोण नाही, लॉज परवडत नाही.

उत्तर : ताई, तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात जास्त आलीत म्हणून तुमच्यापासनंच सुरुवात करते आणि जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे दवाखान्यातनं बाहेर पडायच्या आधी तिथंच विचारा. आपली माणसं विचारायलाच लाजतात, कोपऱ्यात जमिनीवर बसून राहतात. सिस्टरना सरळ सांगा की पेशंटचं वय झालंय, पहाटेपासून उठलेत, रिपोर्ट चारला आहे, तोवर पडायला कुठं जागा मिळेल का. कधी रिकामा बेड असतो, कधी ड्रेसिंग रूमच्या बाहेरचा लांब बाक मिळतो, प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही पण विचारल्याशिवाय तर कोणच देत नाही. मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर हेही विचारा की नातेवाइकांसाठी कमी पैशात थांबायची सोय जवळपास आहे का. आणि हो, बसून बसून पाय सुजत असतील तर ते डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला, प्रवासाचं असेल म्हणून सोडून देऊ नका. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी पोटी झोपवू नका, रक्त दिल्याबरोबर आधी दोन घास खायला घाला, मग झोप.

दुसरी जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. तिथली वेटिंग रूम प्रवाशांसाठी असते, त्यामुळं तिकीट पाहिजे. 10 रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं पण ते सोडायला-न्यायला येणाऱ्यांसाठी आहे, त्यावर वेटिंग रूममधला बाक मागता येत नाही. तुम्ही परत जाताना खानापूरपर्यंत रेल्वेनं जाणार असाल तर मात्र हे जमण्यासारखं आहे. जवळच्या अंतराचं जनरल तिकीट काढल्यापासून 3 तास किंवा त्या गावाची पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे उशिरा असेल तोवर चालतं. म्हणजे गाडीची वेळ बघून तिकीट काढायचं, आधीच काढून ठेवायचं नाही. बायकांची वेटिंग रूम वेगळी असेल तर तिथंच जा, जरा निवांत असतं.

तिसरी जागा देवळाचा सभामंडप. आपल्याकडं हे पूर्वीपासून आहे, वाटसरू देवळात टेकतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. दुपारी बऱ्याच ठिकाणी गाभारा बंद करतात पण मंडप उघडा असतो. स्टेशनच्या बाजूला असाल तर कपिलेश्वर मंदिर जवळ पडतं, तिथं जाऊन आधी दर्शन घ्या, मग पुजाऱ्यांना नायतर तिथल्या माणसाला विचारा की सासूबाई जरा वेळ टेकल्या तर चालेल का. श्रावणात आणि सोमवारी मात्र गर्दी असते, त्या दिवशी नादच सोडा. समोरचा माणूस कानडी बोलणारा असेल तर "इल्ली स्वल्प मलकोबहुदा री?" (इथं जरा झोपलं तर चालेल का?) एवढं म्हटलं तरी पुरे, वयस्कर बाईला बघून नाही म्हणणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही.

बस स्टँड मी सगळ्यात शेवटी सांगते कारण तिथं आवाज, धूर आणि बसची घाई असते, आणि हल्ली बाकांवर मधे मधे लोखंडी हात बसवलेले असतात, आडवं होताच येत नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला, ही फार मोठी गोष्ट झाली, खेड्यातल्या कितीतरी बायका आता दवाखान्याला, कोर्टाला, बाजाराला एकट्या येतात. पण त्या आल्यावर दुपारी टेकणार कुठं याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. बस स्टँडात बायकांसाठी पंखा आणि चटई असलेली एक खोली पाहिजे, दाराशी एखादी मावशी बसलेली पाहिजे. तालुका पंचायतीला, आमदारांना सह्या करून निवेदन द्या, आम्ही छापू.

सोबत एक जुनं लुगडं नायतर पातळ चटई ठेवा. फाईल डोक्याखाली घ्यायची, पैसे आणि गळ्यातलं आतल्या बाजूला, आणि दोघींनी एकाच वेळी झोपायचं नाही, एकीनं जागं राहायचं. चारचा रिपोर्ट म्हणजे साडेतीनचा अलार्म लावा.

एका वाचक भगिनीनं लिहिलंय की बस फुकट आहे तर खिडकीला बसून लांबच्या गावाला जायचं, झोपायचं आणि त्याच बसनं परत यायचं. धडधाकट माणसाला जमेल एखाद्या वेळी, पण आजारी माणसाला तेवढे हादरे देऊ नका, आणि त्या सीटपायी कुणीतरी खरंच घरी जाणारी बाई उभी राहते हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : दुपारची झोप आळशी माणसाची, कफ वाढवते, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. निवृत्तीनंतर मात्र वाचनालयात पेपर वाचता वाचता रोज डोळा लागतो. हे चांगलं का वाईट? (निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, आयुर्वेदात दिवसा झोपू नये असं आहे खरं, पण त्याला अपवादही तिथंच दिलेत आणि ते कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात, म्हाताऱ्या माणसांनी, लहान मुलांनी, आजारातून उठलेल्यांनी, ओझं वाहून किंवा चालून दमलेल्यांनी दिवसा झोपायला हरकत नाही असं चरकसंहितेतच सांगितलंय. आणि दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवण केलं नाही तरी पेंग येते, त्यात आळसाचा काय संबंध? फक्त वीसेक मिनिटांत उठा. अर्धा-पाऊण तास झाला की झोप खोल जाते आणि मधेच उठलं की डोकं जड होतं, रात्रीची झोपही उशिरा लागते. रात्री पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, किंवा मोठ्यानं घोरता घोरता श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या.

प्रश्न : मी बेळगाव ते गोवा भाजीचा टेम्पो चालवतो. रात्री भरतो, पहाटे गोव्यात उतरवतो आणि चोर्ला घाटानं परत येतो. येताना गाडी रिकामी, पोटात नाश्ता, घाटाखालचं केरी सोडलं की डोळे मिटायला लागतात. मालक म्हणतो लवकर ये. चहा पितो, तंबाखू खातो, गाणी लावतो. कुठं थांबावं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून काळजात धस्स झालं. गाणी, तंबाखू, तोंडावर पाणी, खिडकी उघडी टाकणं, यातलं काहीच झोप घालवत नाही, फक्त आपण जागे आहोत असं वाटायला लावतं. ताशी 60 च्या वेगानं जाताना तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर पुढं गेलेली असते, आणि चोर्ल्यात 50 मीटर सरळ रस्ता तरी कुठं आहे. दुसरी गोष्ट, भरलेली गाडी नेताना माणूस सावध असतो, रिकामी आणताना जरा सैल पडतो आणि नेमका तोच वेळ रात्रभर जागल्यानंतरचा असतो. म्हणून येतानाचा घाट जास्त धोक्याचा.

म्हणून झोप घाट चढायच्या आधी घ्यायची, चढताना नाही. गोव्यात माल उतरवला की तिथंच मार्केटच्या आवारात, किंवा निघालाच असाल तर साखळी-केरीच्या पट्ट्यात वस्ती आणि दुकानं आहेत तोवर, रस्त्यापासून पूर्ण आत गाडी लावा. घाटात वळणावर, कडेला, अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून झोपायचं नाही, मागनं धुक्यातनं येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही आणि पावसाळ्यात तर दरड, झाडं काय भरवसा. घाट चढून वर आलात आणि परत झापड आली तर कणकुंबीला थांबा, माउलीच्या देवळाजवळ गाव आहे, लोक आहेत. त्याच्या पुढं जांबोटी.

आता कसं झोपायचं. इंजिन बंद करायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. एसी किंवा हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नसतो, कळतही नाही आणि माणूस उठत नाही. हँडब्रेक ओढा, चावी खिशात घाला, दोन्ही काचा थोड्या खाली घ्या. झोपायच्या आधी एक कडक कॉफी नायतर चहा घ्या, उलटं वाटेल पण त्यातलं कॅफिन अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोवर तुमची झोप होते आणि उठताना दोन्हीचा फायदा मिळतो. चहापेक्षा कॉफीत ते जास्त असतं. 20 मिनिटांचा अलार्म लावा आणि उठल्याबरोबर स्टीअरिंग धरू नका, खाली उतरून पाच-दहा मिनिटं चाला. रात्रभर अजिबात झोप नसेल तर 20 मिनिटं पुरणार नाहीत, मग दीड तास झोपा आणि मालकाला फोन करून सांगा.

मालकाला हेही वाचून दाखवा. नासानं लांब पल्ल्याच्या विमानांच्या पायलटवर अभ्यास केला होता, त्यांना उड्डाणात 40 मिनिटांची विश्रांती दिली, त्यात ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा त्यांचं लक्ष नंतर खूप चांगलं राहिलं. ते झोपले तेव्हा दुसरे पायलट जागे होते, तुमच्या टेम्पोत दुसरं कोण आहे? आणि आपल्याकडं 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात सुद्धा सलग 5 तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. टेम्पो एक तास उशिरा आला तर कुणाचं घर बुडत नाही.

निपाणीच्या बाजूनं पुणे-बेंगलोर हायवेवर चालवणाऱ्या दोघांनीही असंच विचारलंय. त्यांना एवढंच सांगते, तवंदी घाटाच्या आधीच थांबा, हायवेच्या कडेच्या पट्टीवर नाही तर ढाब्याच्या नायतर पेट्रोल पंपाच्या आवारात, आणि पंपवाल्याला सांगून झोपा.

प्रश्न : उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. जेवणाची सुट्टी अर्धा तास. दहा मिनिटांत डबा खाऊन पोत्यावर आडवा झालो की सुपरवायझर ओरडतोय, झोपायला पगार देतो काय म्हणतोय. नियम काय आहे?

उत्तर : ती सुट्टी तुमची आहे. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये सलग 5 तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती द्यायची असं होतं, आणि त्या वेळात जेवायचं का झोपायचं का गप्पा मारायच्या हे कामगारानं ठरवायचं. त्याच कायद्यात 150 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची खोली आणि डबा खायची खोली पाहिजे असं कलम होतं, नव्या कामगार संहितेत ती मर्यादा 50 वर आणलीय. तुमच्याकडं किती माणसं आहेत ते मोजा आणि चारजण मिळून मॅनेजरकडं जा, एकटा जाऊ नको.

पण सुपरवायझरच्या बोलण्यातला एक भाग मात्र ऐक बाबा. भट्टीजवळ, मोल्डिंगच्या वाळूच्या ढिगाआड, क्रेनच्या खाली, फोर्कलिफ्टच्या वाटेत कधी झोपायचं नाही. गाडी मागं घेणाऱ्याला जमिनीवरचा माणूस दिसत नाही. शेडच्या बाहेर सावलीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी पडा आणि बूट काढले तर उशाला ठेवा. सावली नसेल तर तीच मागणी आधी करा, पत्र्याचं एक छप्पर घालायला कारखान्याला काय फार खर्च येत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दुपारी अभ्यासिकेत टेबलवर डोकं ठेवून झोपलं तर चालतं का?

उत्तर : घोरत नसशील आणि बाहेर कुणी जागेसाठी उभं नसेल तर चालतं. 15 मिनिटांचा अलार्म व्हायब्रेटवर लावून फोन खिशात ठेव, टेबलवर ठेवलास तर सगळं टेबल थरथरतं. हातावर कपाळ टेकून झोपलं की हाताला मुंग्या येतात, म्हणून ओढणी नायतर स्वेटर घडी करून घे. रोजच एक तास लागत असेल तर रात्रीचा अभ्यास कमी कर, झोपेत वाचलेलं पक्कं होतं आणि जागरणात वाचलेलं उडून जातं.

प्रश्न : बेंगलोरला नोकरी करून परत आलोय. जपानसारखे स्लीपिंग पॉड, म्हणजे एकट्याला झोपण्यापुरत्या छोट्या खोल्या, बेळगावात चालतील का? धंदा म्हणून विचारतोय.

उत्तर : माहितीसाठी सांगते, अशा पॉडचं हॉटेल, म्हणजे कॅप्सूल हॉटेल, 1979 साली जपानातल्या ओसाका शहरात पहिल्यांदा सुरू झालं, आणि आपल्या रेल्वेनं 2021 मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर 48 पॉडचं हॉटेल काढलं, तेव्हा 12 तासांना 999 रुपये दर होता. बेळगावात दुपारी ज्यांना टेकायचंय ते म्हणजे जांबोटीची सून, चिकोडीहून कोर्टाला आलेला शेतकरी, मार्केट यार्डातला हमाल. त्यांना हजार रुपयांचा पॉड नको. पंखे असलेला स्वच्छ हॉल, धुतलेल्या चटया, बायका-पुरुषांना वेगळी बाजू, सामानाला कुलूप, तासाला 20-30 रुपये, आणि जागा दवाखान्याच्या नायतर स्टँडच्या चालत जाण्याच्या अंतरावर, असं काढलंत तर चालेल असं मला मनापासून वाटतं. महापालिकेचा परवाना आणि फायरची परवानगी आधी बघा. काढलंत तर आम्हाला कळवा, आम्ही आनंदानं छापू.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या देवळाच्या मंडपात दुपारी बाहेरची माणसं येऊन झोपतात. हमाल, फेरीवाले, कधी बाजाराला आलेल्या बायका. कमिटीत दोन तट पडलेत. काही म्हणतात गेटला कुलूप घाला. तुमचं मत सांगा. (एका देवस्थान कमिटीचे सदस्य, बेळगाव)

उत्तर : काका, कुलूप घालू नका. शक्य आहे तितक्या कळकळीनं सांगते.

कुलूप म्हणणाऱ्यांची भीती खोटी आहे असं नाही. कुणी दारू पिऊन येतं, कुणी थुंकतं, दानपेटीची काळजी असते, गल्लीतल्या मुलींना वर्दळ नको वाटते. पण त्यावर उपाय आहेत. बारा ते चार अशी वेळ ठरवा आणि कानडी-मराठी दोन्हीत बोर्ड लावा, कुणी गैरसमज करून घ्यायला नको. दारू पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही, हे बोर्डावरच लिहा. गाभाऱ्याच्या बाजूला दोरी बांधा, दानपेटी आत घ्या. मंडपाची एक बाजू बायकांसाठी ठेवा, दाराच्या जवळची, आणि तिथं उजेड असू द्या. पिण्याच्या पाण्याची घागर आणि थुंकायला बादली ठेवली की निम्मी घाण कमी होते. वीज बिलाचा प्रश्न असेल तर पंख्यासाठी म्हणून वेगळा डबा ठेवा, हमाल लोक दोन-पाच रुपये आनंदानं टाकतात, ती माणसं फुकटी नसतात.

आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये हे नक्की सांगा. दिल्लीत 2011 च्या जूनमध्ये रामलीला मैदानावर रात्री झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी कारवाई केली होती, त्या प्रकरणाचा निकाल देताना फेब्रुवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं झोप हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला, घटनेच्या 21 व्या कलमात बसणारा. त्याचा अर्थ कुणीही कुणाच्याही ओट्यावर झोपावं असा होत नाही, देऊळ तुमचं आहे आणि नियमही तुम्हीच करणार. पण पहाटे चारला उठून यार्डात पोती वाहिलेल्या माणसाला दोन तास सावली देणं हे देवस्थानचं काम नाही असं कोण म्हणत असेल तर त्यांना एकदा दुपारी दोन वाजता मंडपात नेऊन दाखवा कोण झोपलंय ते.

सुरुवातीला महिनाभर करून बघा, गल्लीतल्या एका निवृत्त माणसाला दुपारी तिथं बसायला सांगा, पेपर तिथंच वाचतील. काय अडचणी आल्या आणि काय ठरलं ते आम्हाला लिहून पाठवा. बेळगाव, खानापूर, निपाणीत जिथं जिथं अशी दुपारची सोय आहे त्या देवळांची, मंगल कार्यालयांची, वाचनालयांची यादी आम्ही पुढच्या अंकात छापणार आहोत. वेळ, बायकांची वेगळी सोय आहे का, आणि आत कुणाला विचारायचं, एवढं कळवलंत तर पुरे.